तात्पुरती वायर

आधी कबुली देतो, मग भांडतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, ओहायोतल्या मक्याच्या शेतांवरून उडत असताना माझ्या विमानात जळका वास आला. शेजारच्या सीटवर माझी नऊ वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, "बाबा, कुणीतरी प्लास्टिक जाळतंय." खाली शेतात कुणीतरी कचरा पेटवला असेल असं तिला वाटलं. मलाही क्षणभर तसंच वाटून घ्यावंसं वाटलं. मग पॅनलच्या खालच्या कडेतून, माझ्या उजव्या गुडघ्याच्या जरा पुढे, धुराची एक बारीक रेघ बाहेर आली.

मी मास्टर स्विच बंद केला. रेडिओ गेला, दिवे गेले. इंजिन मात्र चालूच राहिलं, कारण जुन्या विमानांच्या इंजिनाला बॅटरी लागत नाही. त्याची ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि मॅग्नेटो इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. खिडकी उघडली, आग विझवायचा छोटा सिलिंडर मुलीच्या मांडीवर दिला आणि म्हटलं, "हा धर, आणि मी सांगितल्याशिवाय पिन काढू नकोस." जवळच्या गवती धावपट्टीवर उतरायला अकरा मिनिटं लागली. त्यातली पहिली तीन मला आठवतच नाहीत. उरलेली आठ रोज आठवतात.

उतरल्यावर टॉर्च घेऊन पॅनलखाली डोकं घातलं. वायर सापडायला वेळ लागला नाही, कारण ती मीच टाकली होती.

सहा आठवड्यांपूर्वी मी पॅनलवर फोन चार्ज करायचं सॉकेट बसवलं होतं. नकाशा टॅबलेटवर दिसतो आणि टॅबलेटची बॅटरी उतरते, म्हणून. गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून वायर आणली. जवळ जो जिवंत स्क्रू दिसला तिथून सप्लाय घेतला, तोही फ्यूजच्या अलीकडून. वायर पत्र्यातल्या एका भोकातून आरपार ओढली, आणि त्या भोकाला रबरी कडं बसवलं नाही. चाळीस मिनिटांत काम संपलं. इंजिनाच्या थरथरीनं सहा आठवडे त्या पत्र्याच्या कडेवर वायरचं प्लास्टिक घासलं, मग आतलं तांबं पत्र्याला टेकलं. मध्ये फ्यूज नव्हताच, त्यामुळे वायरच फ्यूज झाली.

भोकाला कडं नाही हे मला तेव्हा दिसलं होतं. मी मनात म्हणालो होतो, राहू दे, तात्पुरतं आहे.

माझं भांडण या शब्दाशी आहे.

तुम्ही हे वाचताय त्या फोनचं चार्जर आत्ता कशात खोचलंय, बघा. होस्टेलवर किंवा पीजीत असाल तर बहुधा एका एक्स्टेन्शन बोर्डात, तो दुसऱ्या बोर्डात, आणि त्या दुसऱ्यावर इस्त्री किंवा पाणी तापवायची कॉइल. दोन पिनांचा प्लग जात नाही म्हणून अर्थिंगच्या भोकात पेनाचं टोपण घालून झडप उघडायची कला आपल्यापैकी प्रत्येकाला येते. प्लगच नसेल तर वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, हे मी लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिलंय. एमसीबी सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवून देणारा वायरमन गल्लीत हुशार समजला जातो. फ्यूजच्या जागी जाड तारेचा वेढा देणारा त्याहून हुशार.

एमसीबी पडतो तेव्हा तो तुम्हाला त्रास देत नसतो, काहीतरी सांगत असतो. फ्यूज किंवा ब्रेकर हा उपकरण वाचवायला नसतो. तो वायर वाचवायला असतो. भिंतीतल्या वायरीला किती करंट झेपतो त्यावरून ब्रेकरचा आकडा ठरतो. आकडा वाढवला म्हणजे वायरीची ताकद वाढत नाही, फक्त तिची तक्रार बंद होते. ही साधी गोष्ट बारावीला फिजिक्समध्ये नव्वद मार्क पडलेल्यांनाही माहीत नसते. मला माहीत होती. माझे वडील ऑटो इलेक्ट्रिशियन होते. तरी मी ते केलं, म्हणून माझ्या रागात थोडी लाज मिसळलेली आहे. लेख वाचताना ती वजा करून वाचा.

आपण या प्रकाराला नाव दिलंय जुगाड, आणि नाव देऊन थांबलो नाही, त्याचा उत्सव मांडला. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं पुस्तक आलं आणि मग मॅनेजमेंटच्या वर्गांमधून, कंपन्यांच्या कार्यक्रमांमधून हा शब्द भारतीयांचा गुण म्हणून मिरवायला लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक व्हिडिओ येतो. स्कूटरच्या इंजिनावर चालणारी गिरणी, कुकरच्या शिट्टीवर चालणारी कॉफी मशीन, खाली हसणारे चेहरे. मीही पूर्वी पुढे पाठवायचो. आता पाहताना माझी नजर आधी वायरीकडे जाते, आणि मग बाजूला उभ्या असलेल्या लहान मुलाकडे. लहान मूल असतंच.

यावर लगेच येणारा प्रतिवाद मला माहीत आहे. "तुम्ही अमेरिकेत बसून बोलता. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो काय करणार?" खरं आहे. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्या जुळवाजुळवीला मी हसत नाही. उत्तरेकडे पाण्याच्या पंपाचं इंजिन लावलेल्या ज्या गाड्यांना जुगाडच म्हणतात, त्या बनवणाऱ्याला नवा टेम्पो परवडत नव्हता. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्याच्या गाडीचा फोटो स्लाइडवर लावून टाळ्या घेणाऱ्याशी आहे. तो स्वतः त्या गाडीतून पोरांना शाळेत पाठवत नाही. आणि भांडण माझ्यासारख्यांशी आहे, ज्यांना रबरी कडं परवडतं, ज्यांच्या टूलबॉक्समध्ये ते पडलेलं असतं, आणि तरी जे बसवत नाहीत.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी मिरजेला फोन केला. तिकडे पहाट होती. आण्णा उठलेलेच असतात.

आण्णांचं मिरजेत डायनामो-सेल्फ रिपेअरिंगचं दुकान होतं, तीसेक वर्षं. पत्र्याची शेड, बाहेर ट्रकांची रांग, आत आर्मेचर टेस्ट करायचा बाक आणि डाग द्यायच्या खिळ्याचा वास. लहानपणी मला आण्णांची एक गोष्ट अजिबात आवडायची नाही. ते गिऱ्हाईक परत पाठवायचे. ट्रकवाला म्हणायचा, "आण्णा, तात्पुरतं करून द्या, पुण्यापर्यंत गेलं म्हणजे झालं." आण्णा म्हणायचे, "करायचं तर सगळं करतो, नाहीतर समोर दुसरं दुकान आहे." समोर खरंच दुसरं दुकान होतं, आणि त्याचा बंगला आमच्या आधी झाला. मला वाटायचं, आपल्या बापाला धंदा कळत नाही.

त्या पहाटे मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी सोबत होती हेही सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय."

१९९४ च्या पावसाळ्यात एका ट्रकचे मागचे दिवे लागत नव्हते. वायर मध्येच तुटली होती. नवी ओढायची तर चेसिसखालून सगळी ओढावी लागणार, दोन तासांचं काम. ड्रायव्हरला घाई होती. आण्णांनी दोन टोकं पिळली, वर टेप गुंडाळला, दिवे लागले. पाच रुपये घेतले. त्या रात्री कऱ्हाडच्या अलीकडे ट्रक पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. ड्रायव्हरनं दिवे चालू ठेवले होते. निदान त्याला तसं वाटत होतं. मागून मोटरसायलवाला आला. त्याला ट्रक दिसला नाही.

"आठ दिवसांनी तो ट्रक परत आला तेव्हा क्लीनरनं सांगितलं. मी खाली जाऊन पाहिलं. टेप ओला होऊन सुटला होता, जोड निघालेला. पोलीस माझ्याकडं आले नाहीत. कुणीच काही विचारलं नाही. कुठं लिहिलेलंच नव्हतं की हे मी केलंय." मग जरा थांबून म्हणाले, "पोरगं तेवीस वर्षांचं होतं म्हणे."

तीस वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आणि मी तीस वर्षं त्यांना हट्टी समजत होतो.

मला त्या गोष्टीतलं एक वाक्य जास्त टोचलं. कुठं लिहिलेलंच नव्हतं. विमानाचं तसं नसतं, किंवा नसायला हवं. अमेरिकेत प्रत्येक विमानाच्या वह्या असतात. कोणतं काम केलं, कधी केलं, आणि खाली लायसन्सवाल्या मेकॅनिकची सही आणि नंबर. मालकाला तेल बदलता येतं, बल्ब बदलता येतो, गंमत म्हणजे लँडिंग लाइटच्या सर्किटमधली तुटलेली वायर दुरुस्त करता येते. नवं सॉकेट बसवणं मात्र त्या यादीत नाही. ते करायचं तर मेकॅनिकच्या देखरेखीखाली, त्याच्या सहीनं. माझ्या सॉकेटची नोंद कुठेही नव्हती. आण्णांच्या जोडासारखीच.

माझं विमान सेस्ना १४०, १९४६ सालचं. दुसरं महायुद्ध संपलं, हजारो वैमानिक घरी आले, आता प्रत्येकाच्या अंगणात विमान असेल असं अमेरिकेतल्या कंपन्यांना वाटलं, त्या वर्षातलं. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पंखांवर कापड, दोन माणसं खेटून बसतील एवढी जागा, ८५ हॉर्सपॉवरचं इंजिन. याचं भावंड १२० आणि नंतरचं १४०ए धरून साडेसात हजारांहून जास्त बनली, त्यातली बरीच अजून उडतात. म्हणजे ऐंशीच्या घरातली म्हातारी. मी ते घेतलं तेव्हा त्याचं अंग आरशासारखं चकचकीत होतं. सीटचं कापड मूळ नमुन्याबरहुकूम विणून घेतलेलं. आधीच्या मालकाला त्यासाठी एका मेळाव्यात बक्षीस मिळालं होतं.

मी पूर्ण पॅनल उघडलं त्या दिवशी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं होतं. बहात्तर वर्षांचा, बोलायला कंजूष. तो खाली वाकला, टॉर्च मारला, आणि म्हणाला, "हे वायरिंग नाही, हा इतिहास आहे."

१९४६ ची मूळ वायर अजून होती. सुती वेणीचं आवरण, बोटांनी वाकवलं की तपकिरी भुकटी पडायची. तिच्यावर नंतरच्या कुठल्यातरी दशकातली प्लास्टिकची वायर. तिला कधीतरी काढून टाकलेल्या रेडिओची टोकं, नुसती टेप लावून सोडलेली. घरातल्या टेबललँपची असते तशी दुहेरी वायर एका ठिकाणी. दुसरीकडे वायर न कापता तिच्या अंगात दात रोवून फाटा काढायची निळी प्लास्टिकची चिमटी, गाडीत स्टीरिओ बसवताना वापरतात ती. ३० अँपिअरचा फ्यूज, आणि त्याच्या पुढे त्याच्या निम्माही करंट न झेपणारी बारीक वायर. आम्ही एक एक वायर टोकापासून टोकापर्यंत मोजली. तेवीस वायरी कुठेच जात नव्हत्या. त्यातल्या चार जिवंत होत्या.

सगळं काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. पावणेदोन किलो. विमानाच्या वह्यांमध्ये यातल्या तीन कामांची नोंद होती. बाकी सगळं कुणीतरी, कधीतरी, चाळीस मिनिटांत, तात्पुरतं केलेलं. म्हणजे हा भारतीय गुण वगैरे काही नाही. अमेरिकन माणूस त्याला वेगळं नाव देतो, एवढंच.

आणि त्या बक्षीस देणाऱ्या परीक्षकांबद्दल मला बोलायचंय. जुन्या विमानांच्या हौशी लोकांत मूळपणाचं प्रचंड वेड असतं. डायलवरच्या अक्षरांचा फाँट तोच आहे का, बटणाचा रंग तोच आहे का, यावर तासन् तास वाद होतात. मी नव्या वायरी घालणार म्हटल्यावर एकजण हळहळून म्हणाला, "पण मग ते मूळ राहणार नाही." त्याला मी विचारलं, तू सीटखाली कधी डोकावलास का? त्यानं हसण्यावारी नेलं. दिसतं ते जपायचं आणि वाहतं ते विसरायचं, याला जतन म्हणत नाहीत. वाड्याची कोरीव चौकट पॉलिश करायची आणि आतल्या तुळईला वाळवी लागलीय हे पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, तसं हे आहे. वाडा निदान खाली पडतो तेव्हा जमिनीवरच असतो.

सगळ्यात वाईट गोष्ट मात्र धुरात नव्हती. तिचा वास आला नाही, धूर आला नाही, ती कधी आलीही नसती.

घरातल्या बहुतेक यंत्रांची वायर तुटली की यंत्र बंद पडतं. मॅग्नेटोचं उलटं असतं. मॅग्नेटो आपण होऊन वीज तयार करतो, त्याला बंद करायचं तर त्याची एक वायर स्विचमधून विमानाच्या अंगाला, म्हणजे अर्थला, जोडावी लागते. किल्ली 'ऑफ' केली की ही जोडणी होते आणि ठिणगी थांबते. ती वायर तुटली तर किल्ली 'ऑफ' असूनही मॅग्नेटो जिवंतच राहतो. अशा वेळी हँगरमध्ये उभ्या, थंड, किल्ली काढलेल्या विमानाचा पंखा कुणी हातानं सहज फिरवला, तर इंजिन एक धक्का मारू शकतं. तो एक धक्का हात तोडायला पुरतो.

आमच्या डाव्या मॅग्नेटोची ती वायर लगच्या तोंडाशी तुटत आली होती. एकोणीस तारांपैकी दोन शिल्लक होत्या. कुणीतरी तिला लग दाबून बसवायच्या ऐवजी डाग देऊन बसवला होता. डाग दिला की कथील तारांच्या आत चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि थरथरीत वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. आण्णांच्या बाकावर डाग देणं म्हणजे पक्कं काम होतं. इंजिनापाशी तेच पक्कं काम कच्चं ठरतं.

माझी मुलगी दर रविवारी त्या पंख्यावरचे किडे ओल्या फडक्यानं पुसायची. तिचं ठरलेलं काम होतं ते. महिन्याला दोन डॉलर.

दोन तारा.

इंजिन बंद करण्यापूर्वी किल्ली क्षणभर 'ऑफ' करून दोन्ही मॅग्नेटो मरतात का हे पाहायचं असतं. मला ते शिकवलं होतं. शेवटचं कधी केलं होतं ते सांगत नाही.

मग खरा प्रश्न आला, आणि तो म्हाताऱ्यानंच विचारला. "वायर हवीच कशाला? सगळी काढून टाक." हा टोमणा नव्हता. १४० चं स्वस्त भावंड, १२०, बिनविजेचंच मिळायचं. स्टार्टर नाही, दिवे नाहीत. पंखा हातानं फिरवायचा, दिवसा उडायचं, मोठ्या विमानतळांपासून लांब राहायचं. अजूनही लोक तसं उडतात आणि कायद्यानं ते चालतं. मी दोन आठवडे यावर विचार केला. मला तो पर्याय आजही आदरणीय वाटतो, कारण त्यात लपवालपवी नाही. वीज नको तर नको. हवी तर नीट हवी. थोडीशी वीज, थोडीशी वायर, जरासा टेप, असं मधलं काही नसतं. शेवटी मी वीज ठेवली, कारण मला रेडिओ हवा होता आणि माझ्या पाठीला हातानं पंखा फिरवणं झेपलं नसतं. दोन्ही कारणं आरामाची आहेत, हे मान्य.

एवढ्याशा विमानाला एवढं काय, असं वाटत असेल तर मोठ्याचं सांगतो. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअरचं १११ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालं. वैमानिकांना कॉकपिटमध्ये वास आला. त्यानंतर सुमारे वीस मिनिटांत ते कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली. कॅनडाच्या तपास मंडळानं समुद्रातून तुकडे काढून चार वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला. आगीची सुरुवात छतावरच्या पोकळीत, वायरीतल्या ठिणगीनं झाली असण्याची शक्यता त्यांनी मांडली, आणि त्या ठिणगीशी प्रवाशांच्या करमणुकीसाठी बसवलेल्या यंत्रणेच्या वायरीचा संबंध दिसला. ती यंत्रणा विमानात मागाहून बसवलेली होती. शेजारचं उष्णतारोधक आवरण पेट घेणारं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १७ जुलै १९९६ ला, टीडब्ल्यूए ८०० मध्ये २३० माणसं गेली. इंधनाच्या टाकीत स्फोट झाला, आणि ठिणगी नक्की कुठली ते सिद्ध झालं नसलं तरी टाकीबाहेरच्या वायरिंगमधला शॉर्ट हे सगळ्यात संभाव्य कारण ठरलं. या दोन अपघातांनंतर कुठे विमानाची वायर ही इंजिनासारखीच एक स्वतंत्र यंत्रणा मानून तिच्यासाठी वेगळे नियम झाले, तेही २००७ मध्ये. तोवर वायर म्हणजे दोन यंत्रांमधली दोरी.

मागाहून बसवलेली. माझ्या सॉकेटसारखी. फरक फक्त माणसांच्या आकड्यात आहे, आणि तोही माझ्या हुशारीमुळे नाही.

इथे मराठी वाचकांसाठी एक आडवळण घेतो. तुमच्यापैकी अनेकांना शिवकर बापूजी तळपदे माहीत असतील. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं ही कथा दरवर्षी फिरते, तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला या चर्चांमध्ये देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्ये तपासलं आणि त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं दाखवलं. आता दुसरं नाव घेतो. डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले, परत येऊन हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ आणि पुष्पक ही विमानं घडवली. पुष्पक १९५८ मध्ये उडालं. दोन सीटचं, उंच पंखांचं, माझ्या इंजिनाच्याच कुळातलं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबांमध्ये कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. घाटग्यांवर फॉरवर्ड आलाय का तुम्हाला कधी? मला नाही. ज्यात रिव्हेट मोजावे लागतात, वायरीची जाडी तक्त्यात पाहावी लागते, ते काम आपल्याला कंटाळवाणं वाटतं. पारा आणि मंत्र बरे. जुगाडाचं कौतुक आणि तळपद्यांची कथा मला एकाच भुकेची दोन ताटं वाटतात. मेहनतीशिवायचा चमत्कार हवा असतो आपल्याला.

कंटाळवाणं काम कसं असतं ते थोडं सांगतो, कारण आठ महिने शनिवार-रविवार मी तेच केलं.

पहिले पाच आठवडे एकही वायर घातली नाही. फक्त कागद. काय काय चालवायचं, त्याला किती करंट, त्याची बेरीज, जनरेटरला ती झेपते का. जुना लँडिंग लाइट एकटाच १०० वॉटचा, म्हणजे जवळपास आठ अँपिअर. तो काढून एलईडी घातला तेव्हा बेरीज जमली. मग प्रत्येक वायरीची लांबी मोजली. अमेरिकेच्या विमान खात्याचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, ४३.१३, त्यात वायरिंगवर अख्खं प्रकरण आहे. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणापर्यंत जाताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती नको, असा नियम. त्यावरून जाडी काढायची. जाडी ठरली की ब्रेकर ठरतो. उलट नाही.

वायर आणली ती तांब्याच्या कथील चढवलेल्या तारांची, टेफझेलच्या पातळ आवरणाची, १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी. जुनं पीव्हीसी जळलं की आम्लाचा धूर सोडतं, बंद कॉकपिटमध्ये तो धूर आगीच्या आधी माणसाला गाठतो. गंमत अशी की या सगळ्यात वायर स्वस्त होती. महाग होती ती लग दाबायची पक्कड, जी पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. म्हाताऱ्यानं मला पहिले चाळीस लग भंगार वायरीवर बसवायला लावले आणि प्रत्येक ओढून पाहिला. सात निघाले. "विमानात घालायच्या आधी निघाले," एवढंच बोलला.

मग जुडगी बांधायची. प्लास्टिकच्या पट्ट्या नाहीत, मेणाचा दोरा, ठरावीक अंतरावर गाठ. भोक आलं की रबरी कडं. वळण आलं की रबर लावलेला क्लँप. उपकरणाच्या मागे थोडी सैल वायर, पुढच्या माणसाला ते बाहेर काढता यावं म्हणून. पाण्याचा थेंब वायरीवरून घरंगळत उपकरणात जाऊ नये म्हणून शेवटी खाली एक झोल. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर, तोच नंबर नकाशावर. या सगळ्यातलं काहीही सीटवर बसलेल्याला दिसत नाही. ज्याला दिसेल तो अजून जन्मलाही नसेल कदाचित, आणि तो मला शिव्या देणार नाही एवढीच माझी इच्छा आहे.

वहीत नोंद झाली. सही त्याची, घाम माझा. नोंद दीड पान आहे. त्यात फोनचं सॉकेटही आहे, स्वतःच्या ब्रेकरसह, क्रमांक १७.

काम संपलं त्या रात्री मी आण्णांना व्हिडिओ कॉल केला आणि फोन पॅनलच्या मागे धरून हळूहळू सगळं दाखवलं. आता त्यांना नीट दिसत नाही, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मध्ये मध्ये "थांब, मागं घे" म्हणायचे. कौतुक करतील असं वाटत होतं. मुलगीही शेजारी उभी होती, टॉर्च धरून.

"तो तिसरा क्लँप," ते म्हणाले. "त्याच्या खाली वायर ताणलीय बघ."

"आण्णा, तो ठीक आहे. म्हाताऱ्यानं पाहिलाय."

"बघ म्हटलं ना."

मी बोट घातलं. वायर तुणतुण्याच्या तारेसारखी ताठ होती. मुलीनं टॉर्च जवळ आणला. मी फोन तिच्या दुसऱ्या हातात दिला आणि क्लँपचा स्क्रू सोडवायला घेतला.